परत फिरायची ड्यूटी

सरांच्या अकोल्यातल्या घराच्या फाटकावर पाटी होती, ‘कुत्रा नाही. मी आहे.’

कामासाठी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्या पाटीपुढं उभी राहून मी फिसकन हसले. आतून शिट्टी वाजली आणि मागोमाग आवाज आला, “वाचून झाली असंन तं आत ये, पैलवान!” पैलवान म्हणजे मी. तेव्हाची माझी तब्येत अशी, की आई म्हणायची, हिला वाऱ्यात कपड्यांबरोबर वाळत घालू नका, उडून जाईल. पण सरांच्या लेखी जगातले सगळे पैलवानच. भाजीवाली पैलवान, डॉक्टर पैलवान, आणि ज्यांच्याकडे ते नोकरीला होते ते शेठसुद्धा पैलवानच.

नाव मी कुणाचंच सांगणार नाही. काहून नाही, ते पुढं कळेल.

सर आमच्या पार्कचे मॅनेजर होते. अमरावतीहून अकोल्याकडं निघालं आणि बडनेरा मागं पडलं, की शेतांच्या वर एकदम मोठा आकाशपाळणा दिसतो, तो आमचा पार्क. त्याआधी उभी हयात त्यांनी अकोल्याच्या एका शाळेत पीटी शिकवलेली. पार्कचे मालक, म्हणजे आमचे शेठ, त्यांचेच विद्यार्थी. जिनिंगचा धंदा, हायवेवर हॉटेल, एवढा मोठा माणूस. पण सर समोर आले की हातातला मोबाइल पाठीमागं लपवायचा. सर रिटायर झाले तेव्हा शेठच त्यांना म्हणाले, सर, आता माझी पोरं सांभाळा. पोरं म्हणजे आम्ही. पाळणे चालवणारे, तिकिटं फाडणारे, कुलूपकिल्ल्यावाले.

पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, खिशात संत्रं. संत्रं सोलताना बोलायचं नाही, साल एका पट्टीत निघाली पाहिजे; मधेच तुटली तर दिवस खराब. आणि बढाई! माय वं, काय त्या माणसाच्या बढाया! मेळघाटात अस्वल समोर आलं, यांनी शिट्टी फुंकली, अस्वल सावधानमध्ये उभं राहिलं. तरुणपणी मोर्शीच्या कुस्तीत समोरच्या पैलवानानं हात मिळवतानाच माघार घेतली. “भेव? आपल्या शरीरात तो अवयवच नाई बावा,” असं छातीवर थाप मारून सांगायचे. आम्ही तोंडावर हो म्हणायचो आणि पाठ फिरली की एकमेकांना अस्वल करून दाखवायचो.

पण माणसाचा खरा छंद पाट्यांचा. रस्त्यानं जाताना दिसेल ती पाटी ते मोठ्यानं वाचायचे, कवायतीच्या आवाजात, आणि लगेच निकाल द्यायचे. पास किंवा नापास. ‘येथे थुंकू नये’ नापास. काहून? “मंग कुठी थुंकू? हे नाई सांगत. पाटीनं मानसाले रस्ता दाखवला पायजे, नुसतं हाकलाले का ते सासू हाय?”

पार्कमध्ये आल्याबरोबर त्यांनी पाळण्यांच्या दारावरच्या पाट्या बदलायला काढल्या. आधीच्या पाट्या शेठनी कुठूनतरी छापून आणलेल्या, सगळ्यांवर तेच : नियमांचे पालन करावे, व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. सरांनी पेंटर बोलावला आणि एकेक नवी लिहून घेतली. त्यांचा कायदा एकच होता. ज्या पाळण्यात ते स्वतः बसले नाहीत त्याची पाटी लागणार नाही. आधी बसायचं, मग लिहायचं, मग खाली रंगानं सही करायची.

आकाशपाळणा वर जाऊन थांबला की बाया किंचाळायच्या, बिघडला, बिघडला! सरांनी लिहिलं, ‘वर गेल्यावर पाळणा थांबतो. तो बिघडलेला नसतो. खाली माणसं चढत असतात.’ किंचाळणं बंद झालं. धडकगाड्यांवर लिहिलं, ‘ही गाडी धडकण्यासाठीच आहे. माफी मागू नये.’ लहान मुलांच्या आगगाडीवर, ‘ही गाडी कुठंच जात नाही. तरी खिडकीसाठी भांडू नये.’ आणि भूतबंगल्यावर, ‘आत माणसंच आहेत. त्यांना मारू नये.’ हसू नका. आमच्या पब्लिकला भूत दिसलं की आधी चप्पल हातात येते. आमच्या भुतानं दोन वेळा टाके घालून घेतले होते.

लोक पाट्यांसोबत फोटो काढायला लागले. शेठ खूश, सर त्याहून खूश. “पाहा पैलवान, आपली पाटी वाचाले लोक अमरावतीहून येऊन राहिले,” असं मला रोज सांगायचे. मी दारावर तिकीट घ्यायचं काम करायचे.

मग जहाजाची गोष्ट झाली.

जहाज म्हणजे मोठा झोका, दोन्ही बाजूंनी उंच जातो आणि पोटात गोळा येतो. त्याची पाटी अजून जुनीच होती, कारण ती तब्येतीची होती आणि तिला हात लावायला शेठ तयार नव्हते. अगदी दाराच्या वर, मोठ्या लाल अक्षरांत : गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, रक्तदाबाचे रुग्ण, फिट येणाऱ्या व्यक्ती यांनी बसू नये.

नांदगाव खंडेश्वरकडचं एक कुटुंब आलं होतं. नवरा, त्याच्या दोन बहिणी, चुलत भाऊ, आणि नवी सून. हातातला हिरवा चुडा अजून कोरा होता. रांग पुढं सरकत दारापर्यंत आली आणि ती पोरगी पाटीखाली थबकली. नणंदेनं पाटी मोठ्यानं वाचली आणि कोपर मारून म्हणाली, “काय वं वहिनी, हाय का काई? सांग नं, आमाले पेढे खायाचे हायेत!” सगळी रांग हसली. नवराही हसला. पोरगी लालबुंद झाली, “कायचं काय,” म्हणाली, आणि पटकन जहाजात जाऊन बसली.

जहाज थांबल्यावर ती नळाजवळ वाकून ओकत होती. मी पाठीवरून हात फिरवला. ती हळूच म्हणाली, “ताई, अजून कोनाले सांगितलं नाई वं. दिवस गेले हायेत असं वाटते.” आमच्याकडं पहिले महिने पोटाची गोष्ट कुणी ओठांवर आणत नाही, नजर लागते म्हणतात. सासूलासुद्धा वेळ पाहून सांगतात. तिनं अजून नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या रांगेतून ती मागं फिरली असती तर अख्ख्या घराला भर बाजारात कळलं असतं. मी तिला सांगितलं की आजच डॉक्टरला दाखव. तिनं मान हलवली, तोंड धुतलं, आणि हसत हसत आपल्या माणसांत गेली.

मी तडक सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. हातातलं संत्रं त्यांनी खाली ठेवलं. अर्धं सोललेलं संत्रं खाली ठेवताना मी त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“तिनं पाटी वाचली होती?” त्यांनी विचारलं.

“वाचली ना सर. सगळ्यांनी वाचली.”

“मंग पाटीनं मना नाई केलं तिले. पाटीनं ढकललं.” मग म्हणाले, “पुढं जायाले पाय पुरतेत, पैलवान. मांगं फिराले कलेजा लागते. आन आपुन त्या पोरीजवळ कलेजा मांगून राहिलो, ते बी सासरच्या समोर.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कामाला हात घातला. तब्येतीची यादी दारावरून काढली आणि तिकीटखिडकीजवळ नेली, तिकिटाच्या मागंही छापून घेतली. म्हणजे माणूस आपली आपण वाचेल, कुणी तोंडाकडं पाहणार नाही. प्रत्येक पाळण्याच्या दाराशी, अगदी शेवटच्या पायरीवर, कठडा कापून बाजूला एक छोटं फाटक बसवलं. फाटकातून खाली उतरलं की कडुनिंबाखाली बाकडं, आणि माठात संत्र्याचं सरबत. फाटकावर नवी पाटी :

‘इथून परत फिरता येतं.
कारण विचारलं जाणार नाही.
तिकीट दुसऱ्या पाळण्याला चालेल.
हसणाऱ्याला पार्कबाहेर काढण्यात येईल.’

खाली सही. दारावर उभं राहणाऱ्याला बोलायचं वाक्यही ठरवून दिलं. कुणी परत फिरलं की फक्त म्हणायचं, “या, रस्ता इकडून आहे.” बरं वाटत नाही का, भीती वाटते का, काही काही विचारायचं नाही. चेहरासुद्धा विचारल्यासारखा करायचा नाही. त्याची आमच्याकडून त्यांनी ओळीत उभं करून प्रॅक्टिस घेतली. माझा चेहरा नापास झाला. “तुह्या भिवया लय बोलतेत,” म्हणाले. आठ दिवस मी आरशासमोर भिवया गप्प ठेवायला शिकत होते!

एवढं करूनही कुणी परत फिरेना. लोक पाटी वाचायचे, हसायचे, आणि पुढं जायचे. पांढरेफटक पडलेले गडी डोळे मिटून जहाजात बसायचे, पण फाटकाकडं पाहायचे नाहीत.

तेव्हा सरांनी ती ड्यूटी काढली. सकाळच्या हजेरीला शिट्टी मारून जाहीर केलं, “वावरात पायवाट कोन पाडते? पयला चालनारा. आजपासून रोज आपल्यातला एक जन साध्या कपड्यात रांगेत लागंन, आन भर गर्दीत, दारातून परत फिरंन.” म्हणजे फिरणारा रोज कुणीतरी असला, की फिरणं नवलाचं राहत नाही. आणि कुणाचं काय कारण, ते कुणाला ओळखू येत नाही. पोटुशी बाई असो, काळजाचा रोगी असो, नुसता भित्रा असो, का आमच्यातला कुणी असो, सगळे सारखेच दिसतात.

आम्ही कुरकुरलो. आमचा वेल्डर तर म्हणाला, “सर, मी तीस फुटांवर चढून वेल्डिंग करतो, अन मीच भेलो म्हनू?” सर म्हणाले, “तूच म्हन. तुया तोंडून शोभते.”

माझी पाळी आली ती नेमकी त्या दिवशी, जेव्हा मोर्शीची माझी मावशी लेकासुनांना घेऊन पार्कात आली होती. मी सरांना हातापाया पडून सांगितलं, आजचा दिवस बदला. नाही म्हणजे नाही. गेले रांगेत. मावशी पुढंच उभी, “आमची पोरगी इथंच कामाले हाय बरं का,” असं चार लोकांना ऐकवत. दार आलं आणि मी परत फिरले. अगं बाई! त्यानंतर वर्षभर एकही लग्न असं गेलं नाही, जिथं मावशीनं पंगतीत माझा विषय काढला नाही. “बुलेट चालवते आमची वाघीन, आन झोक्याले भेते!” मी तणतणत सरांकडं गेले, “सर, माझी सगळी इज्जत गेली!”

“गेली? कुठी गेली?” म्हणाले, “हे काय, उभी हाय माया समोर.”

मला रडूही येत होतं आणि हसूही. पण एक सांगते. त्या दिवशी माझ्या मागोमाग कापूस बाजारातला एक जाडजूड अडत्या, कपाळावर गंध, बोटांत अंगठ्या, तोही फाटकातून उतरला आणि बाकड्यावर बसून दोन ग्लास सरबत प्याला. मी काही विचारलं नाही. त्यानं काही सांगितलं नाही. मग हळूहळू रोजच कुणी ना कुणी उतरायला लागलं. एकदा कॉलेजच्या पोट्ट्यांनी एका म्हाताऱ्याला हसून दाखवलं. सरांनी शिट्टी फुंकून त्यांना रांगेतून काढलं, आणि म्हाताऱ्याचं सरबत संपेपर्यंत सावधानमध्ये उभं करून मग गेटबाहेर नेऊन सोडलं. म्हातारेबुवा मुद्दाम घोटघोट पीत होते.

पुढच्या उन्हाळ्यात नांदगावची ती सून पुन्हा आली. कडेवर गुटगुटीत पोर, दोघं लहान मुलांच्या आगगाडीत बसली. तिनं आम्हाला ओळखलं नाही. सरांनी स्वतः हिरवा झेंडा दाखवला आणि अशी शिट्टी मारली की सगळ्या पार्कनं वळून पाहिलं. दिवसभर कुणी भेटलं की सांगत होते, “गाडी टायमावर सुटली!”

आता टॉवरची गोष्ट. हीच सांगायला बसले आहे.

शेठनी नवा पाळणा आणला. उंच मनोरा, माणसांना बांधून वर नेतो आणि सोडून देतो. विदर्भात असा नाही, असं ते ज्याला त्याला सांगायचे. पण तयार व्हायच्या वेळी ते सरांना म्हणाले, “सर, या टॉवरले तुमचं वापस जायचं फाटक नको. एवढा नवा पाळना, आन दारातच पळून जायचा रस्ता? लोक भितात. अपशकुन दिसते.”

“तं मंग मी बी परत फिरतो,” सर म्हणाले. “कायमचा.”

शेठ त्यांचे विद्यार्थी खरे, पण पार्क त्यांचा होता. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी सगळ्या स्टाफसमोर बोली ठरली. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या फेरीत सर आणि शेठ शेजारी शेजारी बसतील, म्हणजे लोकांना भरवसा येईल. फाटक त्या दिवशी राहील. पण पहिल्या फेरीत एक जरी माणूस त्या फाटकातून परत गेला, तर दुसऱ्या दिवशी वेल्डर लावून फाटक बंद. नुसतं टॉवरचं नाही, सगळ्या पाळण्यांची. शेठ म्हणाले, “मंजूर?” सर म्हणाले, “अरे, मी हावो नं पयल्या फेरीत! कोन फिरते पाहू.” परत फिरायच्या ड्यूटीला त्या दिवशी सुट्टी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, कायद्याप्रमाणं पाटी लावायच्या आधी, सर टॉवरमध्ये बसले. आधी वाळूची पोती वरखाली करून झाली, मग एकटे सर. आम्ही सगळे खाली माना वर करून. धाडकन खाली आले तेव्हा डोक्यावरचे होते नव्हते ते केस उभे, आणि माणूस लहान पोरासारखा खिदळतोय! “फस क्लास! मी खाली आलो, पोट वरच राह्यलं. थांबा, येऊ द्या त्याले!” लगेच पुन्हा बसले. मग फाटकाच्या पाटीवर सही केली. शेठनी बजावलं, ही गोष्ट बाहेर सांगू नका, उद्घाटनाला पहिल्यांदाच बसताहेत असं दिसलं पाहिजे. म्हणून ती आम्हा पार्कच्या माणसांनाच माहीत होती.

उद्घाटनाला सरांचे जुने विद्यार्थी अकोल्याहून गाड्या भरून आले. कुणी वकील, कुणी ठेकेदार, कुणी गावचा पुढारी, सगळ्यांनी कधी ना कधी सरांच्या हातचा मार खाल्लेला. शेठचे व्याही, पाहुणे, सगळे नटूनथटून. सरांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते. पायऱ्या चढताना लोकांकडं वळून दंड दाखवले आणि एकच शिट्ट्या-टाळ्या झाल्या. त्यांच्या शेजारी शेठ. वर दारात मी, मागं आणखी पाहुण्यांची रांग.

थंडीचे दिवस. मी स्वेटर घातला होता, आणि शेठच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डावा हात कठड्यावर घट्ट. उजवा हात सारखा छातीवरच्या खिशाकडं जायचा, आणि खिशात गोळ्यांचं पाकीट कुरकुरायचं. मी पाहिलं. सरांनीही पाहिलं.

“काय पैलवान?” सरांनी हळूच विचारलं.

“काई नाई सर. चला.”

ते ‘चला’ मी आधी ऐकलं होतं. जहाजाच्या दारात ती पोरगी जशी ‘कायचं काय’ म्हणाली होती, अगदी तसंच. समोर व्याही, मागं पाहुणे, खाली अख्खं गाव. हा माणूस मेला असता पण फिरला नसता.

सर एक क्षण त्यांच्याकडं पाहत राहिले. मग फाटकाच्या पाटीकडं वळले आणि ती कवायतीच्या आवाजात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी वाचली. “इथून परत फिरता येतं! कारण विचारलं जाणार नाही!” लोकांना वाटलं, सरांची नेहमीची गंमत. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तसे सर ताठ उभे राहिले, बूट जुळवले, आणि स्वतःलाच ऑर्डर दिली.

“पीछे मुड!”

टाच फिरवून, अगदी पंधरा ऑगस्टला फिरतात तसे, ते मागं वळले. लोकांकडं पाहून म्हणाले, “आपल्याच्यानं नाई होत बावा.” आणि फाटकाकडं चालायला लागले.

मेळघाटातल्या अस्वलाला सावधान करणारा माणूस! त्या एका पावलात त्यांची आयुष्यभराची बढाई गेली, आणि ज्या फाटकांसाठी ते नोकरी सोडायला निघाले होते ती सगळी फाटकंही गेली. बोली सगळ्यांसमोर झाली होती. हे मला कळत होतं, आमच्या वेल्डरला कळत होतं, त्यांना तर कळतच होतं. पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. भिवया जागच्या जागी ठेवून मी म्हणाले, “या सर, रस्ता इकडून आहे.”

खालून कुणीतरी फुर्रकन हसलं. मग दुसरं. मग सगळे. सरांच्या गळ्यात शिट्टी होती, त्यांनी तिला हात लावला नाही. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, “ए! पाटी वाचता येत नाही का? हसणाऱ्यानं गेटबाहेर व्हायचं! वकील असो का ठेकेदार!” माझा अवतार पाहून पुढची रांग चूप झाली.

आणि त्या शांततेत शेठ बोलले. “सरच फिरले तं मी एकटा कायले जाऊ? सर तिथं आमी.” आवाज एकदम मोकळा. कठड्यावरचा हात सुटला, आणि तेही फाटकातून खाली उतरले.

दोघं कडुनिंबाखाली बाकड्यावर बसून सरबत प्याले. पहिल्या फेरीत व्याह्यांचा मुलगा आणि त्याचे मित्र बसले, खूप ओरडले, टॉवर मस्त चालला. बाकड्यावर कुणी कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डर मशीन घेऊन टॉवरच्या फाटकापाशी तोंड पाडून उभा. आम्ही सगळे गोळा झालो होतो. सर आपले दूर कठड्याला टेकून संत्रं सोलत होते. शेठची गाडी आली. शेठ उतरले, फाटकाशी गेले, पाटी पहिल्यापासून वाचली, सहीवर बोट फिरवलं. ज्या पाळण्यात सर बसले नाहीत त्यावर त्यांची सही नसते, हे शेठपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

“बंद नाई करायचं,” ते वेल्डरला म्हणाले. “रुंद कर. दोन मानसं सोबत उतरली पायजेत.”

सरांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. त्या दिवशीची साल मात्र एका पट्टीत निघाली होती, मी पाहिली.

काही दिवसांनी शेठ नागपूरला जाऊन छातीचं ऑपरेशन करून आले, तेव्हा घरच्यांनाही पहिल्यांदा कळलं. आता सर अकोल्याला घरी असतात आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते. बाकीच्या पाट्या पुन्हा छापील झाल्या, चित्रांच्या, रंगीत. काळ बदलतो, माझी तक्रार नाही. पण फाटकावरच्या चार ओळींना मी कुणाला हात लावू देत नाही. परत फिरायची ड्यूटीही चालू आहे. नवीन पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

मध्यंतरी अकोल्यात जुन्या विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार केला. मला बोलावणं होतं. हॉल भरलेला. भाषणात त्यातल्या एका वकिलानं टॉवरचा किस्सा रंगवून सांगितला. “आमच्या सरांच्या शरीरात भेव हा अवयवच नव्हता! टॉवरपाशी गेल्यावर उगवला!” हॉल हसून हसून लोटपोट. पहिल्या ओळीत शेठ मान खाली घालून बसले होते.

मला राहवेना. मी खुर्चीतून अर्धी उठले. सांगणार होते सगळ्यांना, की हा माणूस आदल्या दिवशी त्यात खिदळत बसला होता, दोनदा! स्टेजवरून सरांनी मला पाहिलं. गळ्यात सत्काराचा हार, हाराखाली शिट्टी. त्यांनी फक्त शिट्टीवर बोट ठेवलं. मी बसले. तेव्हाच ठरवलं, लिहायचं तर एकही नाव न घालता लिहायचं. कारण विचारायचं नाही, तसं सांगायचंही नाही, हा कायदा. पण अभिमान वाटू द्यायचा नाही, असं त्या पाटीवर कुठंच लिहिलेलं नाही.

माईक हातात आला तेव्हा सर एवढंच म्हणाले, “हाव बावा. भेलो होतो.” पुन्हा सगळे हसले, आणि सगळ्यांच्यात मोठ्यानं ते स्वतः.

कार्यक्रम संपला. स्टेजची पायरी उंच, आणि सरांचे गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. ते काठावर येऊन थांबले आणि इकडंतिकडं पाहायला लागले. माझ्या आधी शेठ उठले होते. जाऊन पायरीशी उभे राहिले, हात पुढं केला, आणि आमचं वाक्य म्हणाले.

“या सर, रस्ता इकडून आहे.”